पॉइंट किती पैशांचा? घरखर्चासाठी क्रेडिट कार्ड निवडताना

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मुलांनो, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आजचा विषय खरं तर तुमच्यासाठीच जास्त आहे.

मागच्या रविवारी याच जागी डॉक्टर हृदयविकारावर बोलले. या रविवारी कार्यकारिणीने मला सांगितलं, "ताई, तुम्ही बँकेत एकतीस वर्षं काढलीत, पैशांवर बोला. पण शेअर बाजार नको, घरातलं काहीतरी हवं." म्हणून मी हा विषय घेतला. आपल्या तिन्ही विंगमध्ये आता असं घर विरळा, जिथे एकही क्रेडिट कार्ड नाही. स्टेशनजवळच्या मॉलमध्ये टेबल मांडून बसलेली मुलं कार्ड देतात, बँकेतून रोज फोन येतात, ऑनलाइन खरेदी करताना पडद्यावर "हे कार्ड घ्या, पाचशे रुपये वाचवा" असं येतं. कार्ड घ्यायला पाच मिनिटं पुरतात. कुठलं घ्यावं, किंवा घ्यावं की नाही, याचा विचार मात्र पाच मिनिटंही होत नाही.

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा मेंटेनन्सचा चेक ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकायचो. कार्ड तेव्हाही होती. भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्येच आपलं सेंट्रलकार्ड आणलं होतं. पण ती कार्डं साहेब लोकांची. आपल्यासारख्यांचा खालच्या वाण्याकडे वहीवर हिशोब असायचा. महिनाभर सामान न्यायचं आणि पगार झाला की वही मिटवायची. विचार केला तर क्रेडिट कार्ड म्हणजे तीच वही. फरक दोन. वाणी वही थकली तर दारात यायचा, पण व्याज लावायचा नाही. बँक दारात येत नाही, व्याज लावते. आणि वाण्याने कधी "माझ्या वहीवर माल घ्या, मी तुम्हाला वर पैसे देतो" असं म्हटलं नव्हतं. कार्डवाले तसं म्हणतात. त्यालाच रिवॉर्ड म्हणायचं. तेव्हा आज मुख्य प्रश्न असा, की हे वरचे पैसे नेमके किती, आणि ते कुठून येतात?

आधी एक परीक्षा

कुठलं कार्ड चांगलं, हे मला विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. गेल्या बारा महिन्यांत असा एखादा महिना गेला का, की पंचवीस तारखेला खात्यात पैसे संपले आणि कुणाकडून तरी घ्यावे लागले? गेला असेल, तर रिवॉर्ड कार्डाचा विचार सध्या सोडून द्या. आधी दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला साठवा आणि मग या. मी हे कठोरपणे सांगते आहे, कारण आकडे त्याहून कठोर आहेत.

आकडे फळ्यावर लिहिते. समजा, बिल आलं ४०,००० रुपयांचं. त्यावर दोन रकमा छापलेल्या असतात. एक "एकूण देय", म्हणजे ४०,०००. दुसरी "किमान देय". ती साधारण पाच टक्के धरू, म्हणजे २,०००. आपल्याला वाटतं, २,००० भरले, बँक खूश आहे, दंड नाही, मग झालं. पण उरलेल्या ३८,००० वर व्याज सुरू. बऱ्याच कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ३८,००० चे साडेतीन टक्के १,३३० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २३९ रुपये. झाले १,५६९. हे फक्त एका महिन्याचं. खरेदीच्या तारखेपासूनचं व्याज त्यात मिळवलेलं नाही.

आता पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भरले, तर त्यातले १,५६९ व्याजात आणि करात गेले. मूळ रक्कम कमी झाली ४३१ रुपयांनी. आणि ज्या खरेदीसाठी हे सगळं झालं, त्या ४०,००० वर एक टक्का रिवॉर्ड मिळाला असेल, तर तो ४०० रुपये. म्हणजे एका महिन्याच्या व्याजात जवळजवळ चार महिन्यांचं बक्षीस गेलं. शिवाय मागचं बिल थकलं की पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज आणलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासूनच व्याज.

आपण सोसायटीच्या वार्षिक सभेत काय वाद घालतो? मेंटेनन्स थकला तर आदर्श उपविधींत व्याजाची कमाल मर्यादा २१ टक्के, तेही सरळव्याज. त्यावर आपल्याकडे "हे सावकारी आहे" असं म्हणून तासभर भांडण झालेलं आहे, मिनिट्समध्ये नोंद आहे. (हशा.) कार्डाचा साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के. जीएसटी धरला तर जवळपास ५०, आणि तेही चढत जाणारं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये असं म्हटलं होतं, की कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे तिथे वरची मर्यादा घालणारं आता कुणी नाही. मर्यादा आपली आपण घालायची.

आपल्याच परिसरातलं एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं होतं. नाव-गाव सांगणार नाही, आपल्या सोसायटीतलं नाही. दोघंही कमावते. तीन कार्डं, प्रत्येकाचं फक्त किमान देय भरत होते. एकाचं भरायला दुसरं वापरायचं. त्यांना वाटत होतं, आपण नियमित आहोत, एकही हप्ता चुकला नाही. हिशोब मांडला तेव्हा मुलगी रडायला लागली. आम्ही कार्डं बाजूला काढली, कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज एकाच ठिकाणी घेतलं, कार्डं मिटवली. त्यांना बाहेर पडायला दोन वर्षं लागली. त्यांच्या कपाटात कार्डावरच्या पॉइंटांतून आलेली एक ट्रॉली बॅग होती. तेवढीच मिळकत.

आपला खर्च आधी, कार्ड नंतर

परीक्षा पास झालात? मग पुढे. कार्ड निवडताना लोक कार्डांची यादी घेऊन बसतात. मी म्हणते, आधी आपलं पासबुक घ्या. गेल्या तीन महिन्यांचा खर्च कागदावर मांडा. मी एक नमुन्याचं चौकोनी कुटुंब घेतलं आहे. त्यांचा कार्डाने होऊ शकेल असा महिन्याचा खर्च असा:

किराणा, सुपरमार्केट: ८,०००
ऑनलाइन खरेदी: ४,०००
औषधं: २,०००
वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट: ५,०००
पेट्रोल: ३,०००
कपडे, हॉटेल, सिनेमा: ३,०००

एकूण २५,०००, म्हणजे वर्षाला तीन लाख. भाजीवाली, कामवाली बाई, मुलांच्या शिकवणीची फी, यातलं काही धरलेलं नाही, कारण तिथे कार्ड चालत नाही आणि चालवायचा अट्टहासही नको.

आता तीन कार्डं घेऊ. मुद्दाम नावं देत नाही. कारण कार्डांच्या अटी बँका वर्षातून दोनदासुद्धा बदलतात, आणि स्मरणिका तर आपण दहा वर्षं जपून ठेवणार. तत्त्व समजून घ्या.

पहिली गोष्ट, पेट्रोलवर बहुतेक सर्वसाधारण कार्डं पॉइंट देत नाहीत. वीज-गॅसच्या बिलांवर अनेक कार्डांनी रिवॉर्ड कमी किंवा बंद केले आहेत. म्हणून या दोन्हींवर शून्य धरू. राहिले महिन्याला १७,०००, वर्षाला २,०४,०००.

पहिलं कार्ड सगळ्यावर एक टक्का देतं. वार्षिक फी ४९९. वर्षाचे रिवॉर्ड २,०४०. फीवर जीएसटी धरून गेले ५८९. हाती राहिले १,४५१ रुपये.

दुसरं कार्ड ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के देतं, बाकीवर एक टक्का, फी नाही. ऑनलाइनचे महिन्याला २०० आणि उरलेल्या १३,००० वर १३० रुपये. महिन्याला ३३०, वर्षाला ३,९६०.

तिसरं कार्ड काळं, चकचकीत, हातात घेतलं की रुबाब वाटावा असं. सगळ्यावर दोन टक्के देतं. वर्षाचे झाले ४,०८०. पण फी २,५००, जीएसटीसह २,९५०. हाती १,१३०. म्हणजे रुबाबदार कार्डावर साध्या एक टक्क्याच्या कार्डापेक्षाही कमी पडले!

आता विकणारा मुलगा म्हणेल, "मॅडम, वर्षाला चार लाख खर्च केलेत तर फी माफ." आपल्या कुटुंबाचा खर्च तीन लाख. म्हणजे २,९५० वाचवायला एक लाखाची जादा खरेदी करायची. आपल्या आजीने ऐकलं असतं तर "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला" म्हणाली असती.

आणि सगळ्यात चांगल्या कार्डाचा हिशोबही नीट बघा. महिन्याला ३३० रुपये. वाईट नाहीत, वर्षाला दिवाळीचा फराळ निघेल. पण यासाठी कुणाचं आयुष्य बदलत नाही. "कार्डाने मी हजारो कमावतो" असं लिफ्टमध्ये कुणी सांगितलं, तर त्यांचा खर्चही विचारा. (हशा.)

पॉइंटाचं पैशात रूपांतर

कार्डवाले टक्के क्वचित सांगतात, पॉइंट सांगतात. "पाच हजार पॉइंट मोफत!" ऐकायला पाच हजार रुपयांसारखं वाटतं. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा, एक पॉइंट किती पैशांचा? बऱ्याच ठिकाणी तो २० किंवा २५ पैशांचा असतो. २५ पैशांनी पाच हजार पॉइंट म्हणजे १,२५० रुपये.

मग दुसरा प्रश्न, किती खर्चावर किती पॉइंट? शंभराला चार पॉइंट आणि पॉइंट २५ पैशांचा, तर शंभरावर एक रुपया, एक टक्का. दीडशेला दोन पॉइंट आणि तेवढाच भाव, तर दीडशेवर पन्नास पैसे, म्हणजे एक तृतीयांश टक्का. "दसपट पॉइंट" असं लिहिलेलं असेल तर मूळ किती ते बघा. मूळ शंभराला एक पॉइंट असेल तर दहापट झाल्यावर अडीच टक्के होतात, दहा टक्के नव्हे.

आणखी एक गंमत. एकाच पॉइंटाचे भाव वेगवेगळे असतात. विमानाच्या तिकिटाला वापरला तर एक भाव, वस्तू घेतली तर दुसरा, बिलात वजा केला तर त्याहून कमी. ज्या घरात वर्षातून एकदा गणपतीला रेल्वेने कोकणात जातात, त्या घराला विमानाच्या भावाचा काय उपयोग? आपण जिथे वापरणार तिथला भाव धरायचा. मी नेहमी सांगते, घरखर्चासाठी पॉइंटापेक्षा सरळ कॅशबॅक बरा. बिलातून आपोआप वजा होतो, लक्षात ठेवावं लागत नाही, मुदत संपून बुडत नाही.

बारीक अक्षरांत काय बघायचं

बँकेला प्रत्येक कार्डाच्या मुख्य अटींचा कागद द्यावा लागतो. तो सगळा वाचायला नको. पाच ओळी शोधा.

एक, वगळलेले खर्च. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा, विमा, शाळेची फी, सोनं, हप्त्यांवर केलेली खरेदी. यातलं काय काय वगळलं आहे? सोसायटीचा मेंटेनन्स कार्डाने भरता येतो का, असं मला तिघांनी विचारलं. काही ॲपवरून येतो, पण वर सुविधा शुल्क पडतं, आणि अनेक कार्डं त्यावर पॉइंट देत नाहीत. एक टक्का मिळवायला दीड टक्का द्यायचा असा तो व्यवहार. आपल्या खजिनदारांना यूपीआयनेच पाठवा, पावती लगेच मिळते.

दोन, कमाल मर्यादा. पाच टक्के मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक, "महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये". म्हणजे दहा हजारांच्या खरेदीनंतर पाच टक्के संपले.

तीन, फी आणि ती माफ होण्याची अट. "पहिलं वर्ष मोफत" आणि "आजन्म मोफत" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वर्षीची फी गुपचूप बिलात येते.

चार, पॉइंटांची मुदत, आणि ते वापरताना लागणारं शुल्क. पाच, व्याजाचा दर. तो वाचून घाबरलात तर उत्तम, म्हणजे वेळेवर भराल.

पेट्रोलविषयी वेगळं सांगते. ज्यांची रोजची गाडी आहे, त्यांच्यासाठी तेल कंपन्यांबरोबरची कार्डं आहेत, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम यांची. ती त्या त्या पंपावरच चांगली. आपल्या रस्त्यावर तो पंप आहे का ते बघा. वीस रुपयांच्या फायद्यासाठी दोन किलोमीटर उलटं जायचं नाही. तसंच ऑनलाइन दुकानांचं. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांची बँकांबरोबरची कार्डं आहेत. ज्या दुकानात तुम्ही नाहीतरी खरेदी करता, त्याचं घ्या. कार्ड आहे म्हणून दुकान बदलू नका.

वाणी, यूपीआय आणि रुपे

आता रोजच्या किराण्याचं. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. व्हिसा आणि मास्टरकार्डची क्रेडिट कार्डं जोडता येत नाहीत. म्हणजे रुपे कार्ड असेल, तर मशीन नसलेल्या दुकानातही क्यूआर कोड स्कॅन करून कार्डाने पैसे देता येतात. मित्राला, नातेवाइकाला मात्र असे पैसे पाठवता येत नाहीत, फक्त दुकानदाराला.

पण इथे मला थोडं थांबायचं आहे. रिवॉर्डचे पैसे येतात कुठून? बँक धर्मादाय संस्था नाही. आपण कार्ड वापरलं की दुकानदाराकडून काही टक्के कापले जातात. त्यातला एक वाटा आपल्याला परत मिळतो. आणि दुसरा मोठा झरा म्हणजे व्याज. मघाशी सांगितलेल्या जोडप्यासारखी माणसं जे भरतात, ते. आपण पूर्ण बिल वेळेवर भरणारे लोक त्यांच्या जिवावर फराळ करतो, असं म्हटलं तर कडू लागेल, पण पूर्ण खोटं नाही.

म्हणून मी स्वतः एक नियम पाळते. मॉलमध्ये, मोठ्या दुकानात, ऑनलाइन, कार्ड. खालच्या वाण्याकडे साधं यूपीआय, बँक खात्यातून. साध्या यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. रुपे क्रेडिटवरही छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत सवलत आहे, पण महिन्याचा किराणा दोन हजारांत बसत नाही. लॉकडाऊनमध्ये याच वाण्याने गेटपर्यंत सामान आणून दिलं, पैसे नंतर द्या म्हणाला. त्याच्या गल्ल्यातून माझ्या ऐंशी रुपयांच्या कॅशबॅकचे पैसे निघावेत, हे मला पटत नाही. तुम्हाला पटेल तसं करा. सहकारी संस्थेत राहणाऱ्या माणसाने एवढा विचार करावा, असं मला वाटतं.

वापरण्याची शिस्त

कार्ड आलं, आता चार सवयी लावा.

बिलाची तारीख आपल्या पगाराच्या किंवा पेन्शनच्या तारखेशी जुळवून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ती बदलून मागता येते. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला साधारण पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते, आदल्या दिवशीच्या खरेदीला वीसच्या आसपास. वॉशिंग मशीनसारखी मोठी वस्तू घेताना हे बघावं.

खात्यातून आपोआप बिल भरण्याची सूचना द्या, पण "एकूण देय" ची. अर्जावर खूण करताना "किमान देय" वर खूण होते आणि माणूस वर्षभर निर्धास्त राहतो. ती खूण दोनदा तपासा.

कार्डाने एटीएममधून रोख कधीही काढू नका. तिथे बिनव्याजी मुदत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क.

आणि मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवा. तुमच्या कर्जफेडीचा इतिहास क्रेडिट माहिती कंपन्यांकडे जातो आणि ३०० ते ९०० मध्ये गुण मिळतात. मुलाला उद्या घराचं कर्ज हवं असेल तेव्हा हेच गुण बघतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवा.

महिला मंडळाच्या मैत्रिणींना एक खास सांगते. नवऱ्याच्या कार्डावरचं जोडकार्ड वापरलं, तर बिलाची जबाबदारी त्याची, नाव त्याचं, इतिहासही त्याचा. तुमच्या नावावर मुदत ठेव असेल, तर तिच्या तारणावर स्वतःचं कार्ड मिळतं, पगाराची स्लिप लागत नाही. ज्येष्ठांनाही हाच मार्ग सोपा. माझ्या एका मैत्रिणीचे यजमान अचानक गेले. पंधरा दिवसांत जोडकार्ड बंद. बाई साठ वर्षांच्या, आयुष्यभर घरचा पै-पैचा हिशोब त्यांनीच ठेवलेला, पण बँकेच्या लेखी त्या कुणीच नव्हत्या. आज त्यांच्याकडे स्वतःच्या ठेवीवरचं पंचवीस हजार मर्यादेचं कार्ड आहे. औषधं आणि मोबाइलचं बिल त्यावर भरतात, तारखेला चुकता करतात. रिवॉर्ड किती मिळतो, ते त्या बघतही नाहीत.

फसवणूक आणि हक्क

"तुमचे पॉइंट आज रात्री बारा वाजता संपणार आहेत, ही लिंक दाबा." असा मेसेज इथे कुणाकुणाला आला? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त. पॉइंटाच्या लोभाचाच तो गळ आहे. लिंक दाबायची नाही, फोनवर आलेलं ॲप उतरवायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही. पॉइंट बुडाले तर बुडू द्या. गडबड झालीच तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. उद्यावर ढकलू नका. तुमची चूक नसताना झालेला गैरव्यवहार, म्हणजे दोष बँकेचाही नाही आणि तुमचाही नाही असा, बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर तुमची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि स्पर्शाने होणारे व्यवहार बंद ठेवायची सोय आहे. परदेशी व्यवहार आजच बंद करा. स्पर्शाने पाच हजारांपर्यंतचे पैसे पिनशिवाय जातात, हे लक्षात असू द्या.

नको असलेलं कार्ड बंद करायचं असेल, तर लेखी विनंती करा. २०२२ च्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालंच पाहिजे. नाही झालं तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. माझ्या नणंदेला एका बँकेने दीड महिना फोनवर झुलवलं. "मॅडम, फी माफ करतो, पॉइंट देतो, ठेवा ना." मी तिला म्हटलं, फोन बंद, ईमेल कर, आणि त्यात हा नियम लिही. चौथ्या दिवशी कार्ड बंद झाल्याचं पत्र आलं. न मागता कार्ड पाठवणं हेही याच निर्देशांत निषिद्ध आहे. तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

शेवटी

सगळ्याचं सार सांगते, म्हणजे जेवायला मोकळे व्हाल. पूर्ण बिल भरता येत असेल तरच कार्ड. आपला खर्च आधी मांडा. पॉइंटाचे पैसे करा, त्यातून फी आणि जीएसटी वजा करा, मग तुलना करा. घराला एक कार्ड पुरतं, फार तर दोन. तिसरं आलं की तारखा चुकायला लागतात. आणि कार्डासाठी खर्च करू नका, खर्चासाठी कार्ड ठेवा.

पंचवीस वर्षांत आपण या सोसायटीत लिफ्ट बदलली, टाकी दुरुस्त केली, सोलर बसवलं. प्रत्येक वेळी तीन कोटेशन मागवली, समोरासमोर ठेवून तपासली, मगच सही केली. घरात शिरणाऱ्या कार्डाला निदान तेवढीच वागणूक द्या.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. कुणाला आपलं बिल समजून घ्यायचं असेल, किंवा किमान देयाच्या फेऱ्यात कुणी अडकलं असेल, तर या. कार्डाचा नंबर झाकून बिल आणा. कुणाचं नाव कुणाला कळणार नाही. एकट्याने महिनोन्‌महिने व्याज भरण्यापेक्षा एक तास माझ्यासमोर बसणं केव्हाही स्वस्त.